आमची भित्री चांदी

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पुढे लग्न झाले आणि पाटी-पेन्सिल माहेरीच राहिली. मंडळाच्या चिटणीसबाईंनी जेव्हा सांगितले की यंदा तुम्हीही काही बोला, तेव्हा माझ्या पोटात गोळा उठला. लोणचे, पापड, बाळाचे संगोपन, बचत गट या सर्व विषयांवर माझ्याहून शहाण्या बायका बोलून गेल्या. मला नवे ते काय ठाऊक असणार? तेव्हा त्याच म्हणाल्या, "अहो, तुमच्या चांदीबद्दल सांगा की. सारे गाव तिला भित्री म्हणत होते, ती आता चार कुत्र्यांतून कशी चालते?" म्हणून आज मी आमच्या कुत्रीची हकीकत सांगणार आहे. हसू आले तर अवश्य हसा, पण शेवटपर्यंत ऐका. कारण कुत्रे तुमच्याही दारात आहे, नसेल तर गल्लीत आहेच.

चांदी आमच्याकडे वैशाखात आली. माझ्या भावाचे शेत गावापासून लांब आहे. तिथल्या झोपडीत तिचा जन्म झाला. बरोबरची पिल्ले थंडीत गेली आणि आई रस्त्यावर गाडीखाली सापडली. राहिले हे एकटे पिल्लू. त्याने पाहिली ती माणसे दोन, बैल दोन आणि चार शेळ्या. दुसरे कुत्रे म्हणून त्याला ठाऊकच नव्हते. आमच्या शेतात रानडुकरांचा उपद्रव. रात्री जागलीला जाताना घरच्यांना सोबत हवी होती, म्हणून भावाने ते आणून दिले. पांढरे स्वच्छ, म्हणून मुलांनी नाव ठेवले चांदी.

घरात चांदी अगदी गुणी. पायात घोटाळायची, सासूबाईंच्या खाटेखाली निजायची. पण दाराबाहेर दुसरे कुत्रे दिसले की तिचे सारे अंग बदलून जाई. शेपूट पोटाखाली, कान मागे, पाठ वाकलेली. कधी जागच्या जागी लघवी करी. मोकळी असली तर घरात पळून कणगीमागे बसे. दोरीला बांधलेली असली तर मात्र दात विचकून अशी भुंके, की लोक म्हणत, "ही मारकी निघाली." आमचे हे म्हणत, "जागलीला कुत्री आणली म्हणून समजत होतो, हा तर ससा निघाला." दोन्ही बोलणी ऐकून मी बुचकळ्यात पडे. एकच जनावर ससाही आणि मारकेही, हे कसे?

त्याचे उत्तर मला पुढे मिळाले. पण त्याआधी माझ्या हातून मोठी चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही.

माझी समजूत अशी होती की भीती ही अंगावर घेतल्याने जाते. पोहायला शिकवताना पोराला विहिरीत ढकलतात ना, तसेच. पोळा झाला, भाद्रपद लागला. एके दिवशी सकाळी मी चांदीच्या गळ्यात दोरी बांधली आणि तिला ओढत ओढत पारापाशी नेले. तिथे चार-पाच कुत्री नेहमीच पडलेली असतात. ती चारी पाय रोवून बसली, तरी मी ओढली. मनात म्हटले, एकदा ओळख झाली की झाले. भगिनींनो, भादवा म्हणजे कुत्र्यांच्या माजाचे दिवस. त्या दिवसांत शहाणी कुत्रीही एकमेकांच्या अंगावर जातात, हे मला ठाऊक असूनही सुचले नाही. ती सगळी एकदम उठली. दोरी माझ्या हाताला गुंडाळलेली, चांदीला पळायला वाट नाही. तिने पहिल्यांदा दात मारला, आणि मग जो कल्लोळ झाला तो विचारू नका. चांदीचा कान फाटला, मागची मांडी फाटली. सोडवायला गेले तर माझ्या मनगटालाही दात लागला, कोणाचा ते समजले नाही.

घरी येऊन मी जखम वाहत्या पाण्याखाली धरली आणि साबणाने पंधरा मिनिटे धुतली. हे आपल्याच मंडळात एकदा सांगितले होते, ते कामी आले. हळद लावली नाही, चुना लावला नाही, मिरची तर नाहीच नाही. लगेच सरकारी दवाखान्यात गेले आणि दिलेल्या तारखांना एकही इंजेक्शन न चुकवता घेतले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम एका मुलाला टोचली आणि तो वाचला. आज ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तो रोग एकदा अंगात उमटला की मग माणूस बहुधा हाती लागत नाही. म्हणून कुत्रे ओळखीचे असो वा परके, धुणे आणि टोचणे यांत एक दिवसाचाही आळस नको.

त्या रात्री घरात बैठक बसली. यांचे म्हणणे, "उद्या पोरांपैकी कोणाला चावली तर काय करशील? मी हिला पवनीच्या पलीकडे सोडून येतो." त्यांचेही चुकत नव्हते, बापाचा जीव आहे. मी काहीच बोलू शकले नाही. बोलल्या त्या सासूबाई. म्हणाल्या, "पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले म्हणतात. आपण तूप नाही दिले तरी चालेल, पण फाटक्या कानाने तिला परमुलखात कुठे टाकता?" मी एवढेच म्हटले, "चूक माझी आहे, तिची नाही. मला संक्रांतीपर्यंत मुदत द्या." यांनी मुदत दिली.

जनावरांच्या डॉक्टरांकडे चांदीला नेले. त्यांनी टाके घातले, तिची लस झालेली होती तरी पुन्हा टोचली, आणि माझी कानउघाडणी केली. त्यांनी जे सांगितले ते माझ्या शब्दांत सांगते.

पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जे जे पाहते, हुंगते, त्याला ते जन्मभर आपले समजते. त्या दिवसांत ज्याला भावंडांबरोबर कुस्ती खेळायला मिळाली नाही, त्याला कुत्र्यांची भाषाच येत नाही. मुलीला बोलके होण्याच्या वयात कोणी बोलायलाच नसावे, तसे ते. ते वय गेले म्हणजे सारे संपले असे नव्हे. पण मग घाई चालत नाही. आणि दुसरे असे, की ती मारकी नव्हती. भित्रे जनावर आधी पळू पाहते. गळ्यात दोरी असली म्हणजे पळणे बंद. मग ते दात दाखवून समोरच्यालाच पळवू पाहते. ससाही तीच आणि मारकीही तीच, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

जखम भरल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिची पिल्ले न होण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. टाके सुकेपर्यंत दोन आठवडे तिला घरातच ठेवले. दसरा झाला आणि मी कामाला लागले.

पहिला धडा अंतराचा. पारापासून किती लांब उभे राहिले म्हणजे चांदी कुत्री पाहते पण घाबरत नाही, हे मला शोधायचे होते. पावले मोजली. साठ पावलांवर ती पाही, कान टवकारी, पण हातातला तुकडा खाई. पन्नास पावलांवर तुकडा तोंडात घेईना. भित्रे जनावर खात नाही, हीच खूण. म्हणून साठ पावले ही आमची जागा ठरली. दुपारी जेवणवेळेनंतर जायचे, कारण तेव्हा कुत्री सावलीत पेंगलेली असतात. पदरात उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे. तिला कुत्रे दिसले की तुकडा. कुत्रे नजरेआड झाले की तुकडा बंद. क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. आधी खाऊ आणि मग कुत्रे असे झाले, तर तिला खाऊचीच भीती बसेल. आधी कुत्रे आणि लगेच खाऊ, असे रोज झाले म्हणजे तिच्या मनात बसते की कुत्रे दिसले की काही चांगले होते.

दोरी नेहमी सैल. आपण दोरी आवळली की तिला वाटते, बाईही घाबरली, म्हणजे संकट खरेच आहे. पाच-सात मिनिटे झाली की परत. सुरुवातीला रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबून विचारीत, "काय हो, कुत्रीला गाव दाखवता काय?" मला संकोच वाटे, पण मी हसून वेळ मारून नेई.

आठ दिवसांत साठाची पन्नास पावले झाली, पुढच्या पंधरवड्यात तीस. मग दिवाळी आली. फटाक्यांनी ती अशी हादरली की पुन्हा सत्तर पावलांवर गेलो. माझ्या डोळ्यांत पाणी आले. पण स्वेटर विणताना टाका सुटला तर आपण सारा स्वेटर फेकत नाही, चार ओळी उसवून पुन्हा घालतो. तसेच केले. या वेळी पहिल्यापेक्षा लवकर तीसवर आलो.

या दिवसांत मी कुत्र्यांची बोली थोडी शिकले. कुत्रे विनाकारण जांभई देते, जीभ नाकावर फिरवते, तोंड दुसरीकडे वळवते, जमीन हुंगू लागते, तेव्हा ते म्हणत असते, "मला भांडण नको." अंग ताठ, तोंड मिटलेले, डोळे रोखलेले दिसले की समजावे, आता लांब जाणे बरे. शेपूट हलते म्हणजे आनंदच, असेही नाही. उंच ताठ शेपूट थरथरत हलत असेल तर तो राग असतो. पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर केला, की ते खेळायचे आमंत्रण. आणि गुरगुरल्याबद्दल कधी मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. सूचना मारून बंद केली, तर उद्या ते सूचना न देताच चावेल. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर ते लाडावून आणखी भित्रे होते, ही समजूतही खोटी आहे. आपल्या शांत हाताने त्याला धीरच येतो.

आता दुसरा धडा : ओळखीचा. त्यासाठी एक थोराड, समजूतदार कुत्रे हवे होते. पारावरची कुत्री नकोत. तसे कुत्रे आमच्या आळीत एकच, शेजारच्या काकूंचा काळू. वयाने म्हातारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. परंतु काकूंशी आमचे बोलणे बंद होते. चार वर्षांपूर्वी मोरीच्या पाण्यावरून शब्दाला शब्द वाढला होता, आणि तेव्हापासून दोन्ही घरांच्या सांदवाडीचे दार एकमेकांकडे उघडत नव्हते. काका वारल्यापासून तर काकू कोणाकडे जातही नव्हत्या.

तीन दिवस मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. माझी गत चांदीसारखीच झाली होती म्हणा ना! चौथ्या दिवशी धीर करून हाक मारली, "काकू, काम होते. काळूला रोज थोडा वेळ फिरायला आणाल का?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझी ती कुत्री दिवसभर कण्हते ते ऐकते मी. उद्या दुपारी ये."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी पांदणीने निघू लागलो. मी या कडेला चांदीला घेऊन, त्या त्या कडेला काळूला घेऊन. मध्ये मोठे अंतर, तोंडे एकाच दिशेला. समोरासमोर आणायचे नाही. कुत्र्यांत सरळ चालत येऊन डोळ्याला डोळा भिडवणे हा उर्मटपणा मानतात. सभ्य कुत्रे वळसा घालून बाजूने येते. बरोबरीने एका दिशेला चालताना मात्र कोणी कोणावर चालून येत नाही. रोज थोडे अंतर कमी केले. आठवड्याने काळू पुढे आणि चांदी मागे, असे एका ओळीत चाललो. तिने त्याच्या पावलांचे वास घेतले. दोन-तीन दिवसांनी तिनेच पुढे होऊन त्याला मागच्या बाजूने हुंगले. मी मनात एक, दोन, तीन म्हटले आणि गोड आवाजात हाक मारून तिला बोलावून घेतले. पहिली भेट तेवढीच. भेट कंटाळा येण्याआधी संपवावी, म्हणजे पुढच्या भेटीची ओढ राहते.

धानाची कापणी, मळणी झाली आणि मार्गशीर्षात आमचे खळे मोकळे झाले. तिथे आम्ही दोघांच्या दोऱ्या सोडल्या. दोऱ्या असल्या की गुंता होतो, आणि गुंता झाला की भीती. खाऊही तिथे नेला नाही, कारण तुकड्यावरून सख्खी भावंडेही भांडतात. चांदी आधी तणसाच्या ढिगामागे लपली. काळूने तिच्याकडे पाहिलेही नाही. उन्हात अंग टाकून पडून राहिला. तेच फार झाले. पाव तास गेला, ती बाहेर आली, त्याच्याभोवती दोनदा फिरली, आणि एकाएकी पुढचे पाय टेकून तिने त्याला खेळायला बोलावले. ते म्हातारे कुत्रे कुरकुरत उठले आणि तिच्यामागे चार पावले धावले. काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या. काका गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिले ते त्या दिवशी.

काळूच्या मागोमाग चांदी हळूहळू पारावरच्या कुत्र्यांजवळूनही जाऊ लागली. त्यांच्याशी मैत्री व्हावी असा माझा आग्रह नव्हता. माणसालाही गावातला प्रत्येकजण मित्र लागत नाही; रस्त्याने मानाने जाता आले म्हणजे पुरे. पारावरचा एक तांबडा कुत्रा तिला अजूनही सोसवत नाही. तो दिसला की आम्ही वळसा घेतो. त्यात कमीपणा नाही.

संक्रांत आली. मुदत संपली. हे काही बोलले नाहीत, संध्याकाळी घोंगडी खांद्यावर टाकली आणि चांदीला म्हणाले, "चल, जागलीला." ती आळीतून, कुत्र्यांच्या भुंकण्यातून, शेपूट सरळ ठेवून त्यांच्यामागे गेली. आणि माझ्या हळदीकुंकवाला सांदवाडीच्या दाराने, वाण न घेण्याचा हट्ट सोडून, काकू आल्या. त्यांना कुंकू लावावे की नाही यावर दोघींनी भुवया वर केल्या; सासूबाईंनी स्वतः उठून लावले. त्याच काकू आज आपल्यात तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हे सांगायची परवानगी मी त्यांची घेतली आहे.

जाता जाता तीन गोष्टी विनवते. पहिली, पिल्लू आईजवळून फार लवकर तोडू नका. दोन महिने तरी भावंडांत खेळू द्या. मग लस टोचून, लहान असतानाच त्याला चार शांत कुत्री, चार माणसे, बंडी, मोटार हे सारे हळूहळू दाखवा. तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याविरुद्धची लस द्या आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या मुदतीने देत जा.

दुसरी, नको झालेले कुत्रे दूर नेऊन सोडू नका. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने जनावराला उपाशी मरायला सोडून देणे हा गुन्हा आहे. तो कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत आवाज उठवला तो रुक्मिणीदेवी अरुंडेल या एका बाईनेच, हे आपण बायकांनी तरी विसरू नये. गावात कुत्री फार वाढली असतील तर त्यांची शस्त्रक्रिया आणि लसीकरण करण्याचे काम २०२३ च्या नियमांनी ग्रामपंचायतीसह स्थानिक संस्थांवर टाकले आहे. मंडळाने तसा अर्ज ग्रामपंचायतीला द्यावा, अशी माझी सूचना आहे.

तिसरी, मुलांना सांगा : कुत्र्याला दगड मारू नका, जेवताना-झोपताना हात लावू नका, आणि अंगावर आले तर पळू नका, झाडासारखे स्थिर उभे राहा.

मी पाच वर्षे मंडळाच्या दाराबाहेरून जात होते. आत बायका बसलेल्या दिसत आणि माझी पावले घराकडे वळत. मला कोणी ओढून आणले नाही, हे फार चांगले केले. एकीने एकदा हळद-पापडाचे काम दिले, दुसरीने शेजारी जागा करून दिली, आणि आज मी इथे उभी आहे. आपल्या आळीत आणखीही कोणी दाराआडून पाहत असेल. तिला दाराशी जाऊन हाक मारा, आणि येईल तेवढ्या पावलांनी येऊ द्या.